मनातली अढी

गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली ती दंडांवर आणि पोटऱ्यांवर निळेजांभळे वण घेऊन. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून चकल्या पाडत होती. ते वण दिसताच तिच्या हातातला सोऱ्या जागच्या जागी थांबला.

“पडलीस की काय गं कुठं?”

“पडले नाही, आजी. चढले.”

मग तिने सगळे सविस्तर सांगितले. पुण्यात एका दालनात जमिनीपासून छतापर्यंत पोलादी खांब बसवले आहेत. आठवड्यातून तीन दिवस कचेरीतून सुटल्यावर ती तिथे जाते. खांबावर चढते, मांडीच्या पकडीवर उलटी लोंबकळते आणि गिरक्या घेत खाली येते. याला पोल डान्सिंग म्हणायचे. परदेशात हा नाच पूर्वी रात्रीच्या क्लबांत चाले. आता तो व्यायामशाळेत शिरला आहे आणि त्याच्या स्पर्धाही होतात. एवढ्यावरही ती थांबली नव्हती. तिच्या शिक्षिकेने तिला सांगितले होते, “हातापायांत बळ आलंय तुझ्या. पण दोन पकडींच्या मधलं काही येत नाही. खांब सोडलास की खांबासारखीच उभी राहतेस.” त्यावर उपाय म्हणून तिने बेली डान्सचा वर्गही धरला होता.

“बेली म्हणजे काय गं?” आईने विचारले.

“पोट, आजी.”

आईने एक चकली पुरी केली, तेलात सोडली आणि मग शांतपणे म्हणाली, “पोटासाठी नाचणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पोटानं नाचणाऱ्या ऐकल्या नव्हत्या.”

आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसले. खांबावर चढण्याच्या गोष्टी ही पोर वाईत येऊन, आणि त्याही मला सांगत होती!

माझे सारे लहानपण दोरावर गेले आहे. १९७८ साली, अकरा वर्षांची असताना, मी मल्लखांबाला जाऊ लागले. मुलगे पुरलेल्या लाकडी मल्लखांबावर करीत आणि आम्हा मुलींना दोर मिळे. मुलांच्या खांबाला एरंडेल चोळलेले असे, आणि सायंकाळी घरी जाताना त्यांच्या अंगालाही त्याचाच वास येई. आमचा दोर सुताचा, अंगठ्याएवढा जाड, वरून टांगलेला आणि खाली मोकळा. जुन्या काळी हा मल्लखांब वेतावर करीत. चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा दोर आला. दोराला गाठ मारायची नाही, हा नियम. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात तो धरायचा, सर्रकन वर जायचे आणि मग तोच दोर मांडीवरून, काखेतून, मानेमागून असा फिरवायचा की आपल्याच वजनाने तो आवळला जावा. एखादा वेढा चुकला तर दोर सुटे आणि कातडी सोलून निघे. बेचक्यातला माझा घट्टा अजून गेलेला नाही.

मी भाचीला पेशव्यांच्या वेळच्या बाळंभट दादा देवधरांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे हे व्यायामगुरू. मागे पडलेला मल्लखांब त्यांनी पुन्हा उभा केला; माकडाच्या उड्या पाहून त्यांना तो सुचला, अशी आख्यायिका आहे. पुढे १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला, आणि २०१९च्या फेब्रुवारीत मुंबईला शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. भाचीने मोबाइलवर त्या स्पर्धेची चित्रे शोधून काढली आणि डोळे मोठे करून म्हणाली, “आत्या, ही पकड तर आम्हाला कालच शिकवली!”

“आमच्याकडे तिला अढी म्हणतात,” मी म्हणाले.

अढी हा शब्द मोठा गमतीचा आहे. मल्लखांबावर पायांनी घालतात ती अढी. आंबे पिकायला गवतात घालतात तीही अढी. आणि मनात धरतात तीही अढीच.

चार दिवसांनी भाची गेली, पण तिच्या शिक्षिकेचे ते वाक्य मात्र माझ्याकडेच राहिले. खांब सोडलास की खांबासारखी उभी राहतेस. मी चालते तेव्हा पोलीस चालल्यासारखे वाटते, असे आई मला तीस वर्षे सांगत आली आहे. लग्नानंतर सांगलीला बँकेत नोकरी केली, तिथेही मी लेखणी कशी धरी? तर दोर धरावा तशी. निवृत्त होऊन आईच्या सोबतीला वाईला परत आले, तेव्हा दोरावरची मी कधीच उतरले होते. पण दोर माझ्यातून उतरला नव्हता. पोट आत ओढलेले, खांदे ताठ आणि दात एकमेकांवर. मल्लखांबाने मला धरायला शिकवले. सोडायचे कसे, हे तिथे कुणी शिकवीत नाही, कारण तिथे सोडले की माणूस पडते.

एका दुपारी दार लावून मी आरशापुढे उभी राहिले आणि खांदे न हलवता नुसती कंबर हलवून पाहिली. ती हलली नाही. अख्खी मीच हलले.

तेव्हा मला ती मुलगी आठवली. बाजाराच्या दिवशी घाटाजवळ डोंबाऱ्यांचा खेळ लागे. ढोलके वाजे, वेळू उभे राहत आणि माझ्याच वयाची एक मुलगी वर चढे. मी नुकतीच शाळेच्या संमेलनात दोरावर शवासन करून पितळेचा पेला मिळवला होता. ती मुलगी वेळूच्या टोकावर बेंबीच्या आधाराने आडवी होऊन गरगर फिरली. खाली गादी नव्हती. मी दहा पैसे टाकले आणि घरी येऊन आईला म्हणाले, “ती माझ्यापेक्षा चांगलं करते.” आई म्हणाली, “त्यांचं निराळं असतं.”

काय निराळे असते, ते मी तेव्हा विचारले नाही. माझे वडील विश्वकोशाच्या कचेरीत होते, त्यामुळे घरात खंडांना तोटा नव्हता. ‘कोल्हाटी’ ही नोंद एका खंडात आहे आणि ‘मल्लखांब’ ही फार पुढच्या खंडात. वर्णानुक्रमापुढे कुणाचा इलाज चालत नाही. पण आमच्या घरातही त्या दोन गोष्टी तशाच वेगवेगळ्या फळ्यांवर राहिल्या. कोलांटउडी हा शब्द ज्यांच्या खेळातून मराठीत आला असे मानतात, त्यांच्याच मुली पुढे वेळूवरून उतरून फडावर गेल्या आणि लावणी त्यांनी जगवली. खांबावरची कसरत आणि कमरेचा नाच या दोन विद्या एकाच घरात, आजीच्या आणि नातीच्या अंगात नांदत होत्या. भाची पुण्यात दोन वर्गांची दोन शुल्के भरून जे जुळवू पाहत होती ते हेच.

आणि ते घर आमच्या गावात होते. यमुनाबाई वाईकर! जन्म ३१ डिसेंबर १९१५चा, सातारा जिल्ह्यातलाच, डोंबारी कोल्हाटी समाजातला. लहानपणी आईबरोबर रस्त्यावर गाऊन पोट भरले. दहाव्या वर्षी त्याच आईने, गीताबाईंनी, लावणीचे धडे द्यायला सुरुवात केली. पुढे यमुना-हिरा-तारा वाईकर हे नाव महाराष्ट्रभर गाजले. बैठकीची लावणी त्यांनी अशी केली की उभे राहण्याची गरजच पडू नये. १९९५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी, एकशेदोन वर्षांच्या होऊन, त्या वाईतच गेल्या. मी ती बातमी सांगलीला वर्तमानपत्रात वाचली. ज्या गावाचे नाव त्या आडनावासारखे लावीत त्याच गावात मी वाढले, आणि त्यांची एकही लावणी मी समोर बसून ऐकली नाही. कुठे ढोलकी ऐकू आली की आमच्याकडे खिडकी लागे. खिडकी आई लावी हे खरे, पण पुढे ती उघडायला मला कुणी मनाई केली होती?

जानेवारीत मी गावातल्याच एका बाईंकडे लावणी शिकायला जाऊ लागले. पासष्टीच्या असतील. एकेकाळी फडावर होत्या. आता संमेलनांसाठी शाळेच्या मुलींना शिकवतात. माझे वय ऐकून त्या हसल्या नाहीत, ही मला चांगली खूण वाटली. नऊवारी नेसून, पायात थोडीच घुंगरे बांधून मी उभी राहिले. त्या माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या.

“ताई, सगळं धरून ठेवलंय तुम्ही. कुणी न्यायला आलंय का?”

पहिले तीन आठवडे नुसता ठेका. गुडघे किंचित वाकवायचे, अंगाचे वजन खाली बसू द्यायचे आणि टाच अशी टाकायची की घुंगरू एकदाच बोलले पाहिजे. दोरावर जे जे चूक ते ते इथे बरोबर. तिथे वजन वर उचलायचे, इथे ते सोडायचे. तिथे श्वास पोटात कोंडायचा, इथे कोंडला की कंबर दगड होते. मुरका मारताना कंबर आधी वळते, मग खांदा आणि मग मान. डोळे सगळ्यांत शेवटी आणि तेही उशीर झाल्यासारखे. माझे सगळे एकदमच वळे, दार वळावे तसे! पण एक गंमत झाली. महिन्याभराने मला कळले की दोर अगदीच वाया गेला नव्हता. पाय घट्ट होते म्हणूनच वरचे अंग सोडता येऊ लागले. बाईंच्या हाताखालच्या कोवळ्या मुली गिरकीनंतर हेलपाटत. मी नाही हेलपाटले.

मी फोनवर हे भाचीला सांगितले, तेव्हा तिचेही तसेच चालले होते. तिच्या वर्गात कंबरेचा आठ काढायला शिकवीत होते. त्या नाचाचा इतिहासही तिने शोधला होता. इजिप्तमध्ये नाचणाऱ्या घवाझी बायकांना मुहंमद अलीने १८३४ साली कैरोतून हुसकून दक्षिणेला धाडले. आणि १९२६ साली त्याच कैरोत बदिया मसाबनी या बाईने आपले नाट्यगृह काढून तो नाच रंगमंचावर मिरवला. “म्हणजे आत्या, सगळीकडे आधी हाकलतात आणि मग तिकीट लावतात,” ती म्हणाली. हिला आकडेमोडीच्या नोकरीत कुणी घातले कोण जाणे.

एका संध्याकाळी शिकवणी संपल्यावर मी बाईंना माझ्या दोराविषयी सांगितले. जरा प्रौढीनेच सांगितले असेन. दोघींच्या विद्या कशा एकाच मुळातल्या, वगैरे. त्या गप्प झाल्या. मग पदर खोचून त्यांनी कोपऱ्यात पडलेली कपड्यांची दोरी पायाने ओढली आणि अंगठा व बोट यांच्या बेचक्यात अशी सहज धरली की माझ्या घट्ट्याला कळ आली.

“आजीनं शिकवलं होतं,” त्या म्हणाल्या. “आईनं बंद केलं. म्हणाली, आता आपण फडावर गाणारी माणसं, डोंबाऱ्यागत दोरीवर चढायचं नाही. लाज वाटायची तिला.”

मला काय बोलावे ते सुचेना. ज्या दोराचे मला पेले मिळाले त्याची त्यांच्या आईला लाज वाटली होती, आणि ज्या लावणीत त्यांच्या आईला मान वाटला तिच्यासाठी माझ्या आईने खिडकी लावली होती. मुळे एक आहेत, हे वाक्य मी पुन्हा त्यांच्यापुढे उच्चारले नाही. मी दोरावरून खाली आले ती बक्षीस घ्यायला. त्यांची आजी खाली येई ती थाळी फिरवायला.

आईला मी हे सगळे मार्चपर्यंत सांगितले नव्हते. भजनाला जाते, असे तिने समजून घेतले होते आणि मी तो समज मोडला नव्हता. सत्तावन्नाव्या वर्षी आईशी खोटे बोलायला लागावे, याचीही एक निराळी शरम असते. शेवटी घुंगरांची पिशवी तिच्याच हाती लागली.

“हे भजनाचे टाळ का?”

मी खरे ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी बाजू मांडावी म्हणून पट्ठे बापूरावांना पुढे केले. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, वेदविद्येच्या घरातले, पण लावणीपायी फडावर गेले. “माहीत आहे,” आई म्हणाली. “शेवटी हाल काय झाले तेही माहीत आहे.” मग उठता उठता म्हणाली, “आम्ही खिडकी लावायचो ती तुला पेन्शन मिळावी म्हणून.”

याला उत्तर नव्हते. तिच्या तरुणपणी बाईच्या अब्रूवर तिचे लग्न, तिचे घर, तिचे दोन वेळचे जेवण अवलंबून होते. माझ्या खात्यात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे जमा होतात. मी आज मोकळी आहे ती काही तिच्याहून धीट आहे म्हणून नव्हे. पण खिडकीबाहेर ज्या होत्या, त्यांचे काय? तेही मी तिला विचारले नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी एवढे ओझे कुणाच्या अंगावर टाकायचे?

दोन आठवडे घरात अबोला नव्हता, पण बोलणेही नव्हते. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता तिने विचारले, “फी किती घेते?” मी आकडा सांगितला. “कमी घेते,” आई म्हणाली. एवढेच.

यंदा भाची धनत्रयोदशीला येणार आहे. अंगणातल्या आंब्याला दोर बांधून ठेव, असे तिने कळवले आहे. मला आता वर चढवेल की नाही कोण जाणे, पण बाईंनी आपण बघायला येणार असल्याचे सांगितले आहे. काल फराळाची यादी करताना आई दर वर्षीची घरे बोटांवर मोजत होती. मोजून झाल्यावर पुन्हा एक बोट उघडले.

“तुझ्या त्या बाईंचे दात कसे आहेत? चकली चावेल ना त्यांना?”

“चावेल.”

“मग पाच घाल. आणि नाच मात्र मला दाखवू नकोस.”