'आपण' या शब्दाविषयी

माळेगाव बुद्रुकला आम्ही तिघे मराठीचे अध्यापक गेली काही वर्षे रविवारी एकत्र बसून वाचत आलो आहोत. गळीत हंगामात उसाच्या वाहनांचा आवाज वाढला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, एवढीच काय ती अडचण. ऐतिहासिक कादंबरी ही आमची जुनी आवड. तीत छळ कुणी केला आणि कुणी सोसला, याविषयी आमच्या मनात कधी संदेह नसे. तो कसा उत्पन्न झाला, ते येथे नोंदवावेसे वाटते.

महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' आम्ही काही विद्यार्थ्यांसह वाचली. सोळाव्या शतकातील गोवा, तेथील धर्मांतरे, आपले देव घेऊन नदीपार गेलेली माणसे यांविषयी चर्चा रंगली. बोलता बोलता 'ते' आणि 'आपण' असे दोन गट कधी पडले, हे आमच्या ध्यानातही आले नाही. वसईहून शिकायला आलेली एक ख्रिस्ती विद्यार्थिनी तेवढी गप्प होती. निघताना तिने विचारले, "सर, यातल्या 'आपण'मध्ये मी आहे का?"

आम्हांला उत्तर देता आले नाही.

पुढे आम्ही शुसाकु एन्दो या जपानी कॅथलिक लेखकाची १९६६ची 'चिन्मोकु', म्हणजे 'मौन', ही कादंबरी विल्यम जॉन्स्टन यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचावयास घेतली. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. संशयितांना ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवावयास लावीत. तिला 'फुमिए' म्हणत. आपल्यामुळे यातना भोगणाऱ्या शेतकऱ्यांच्या सुटकेसाठी कादंबरीतील पाद्री अखेर त्या प्रतिमेवर पाय ठेवतो. लेखक त्याला ना हुतात्मा ठरवतो, ना गद्दार.

तिने आम्हांला सांगितले, की या छळाशी वसईचा संबंध फार जुना आहे. पोर्तुगीज पिता आणि एतद्देशीय माता यांच्या पोटी वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारल्या गेलेल्या २६ जणांपैकी एक होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. ज्या लोकांना आम्ही केवळ छळ करणारे म्हणून ओळखत होतो, त्यांच्याच प्रार्थनेत छळाची ही स्मृती जपलेली होती.

एन्दोंचा पाद्री जपानला जाताना वाटेत गोव्यात थांबतो. काळ १६३८चा. त्या वेळी गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन चालू होते. १५६० साली सुरू झालेले हे न्यायासन मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. तेव्हा आम्हांला आमची मोठी चूक उमगली. या न्यायासनाचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. म्हणजे त्याच्यापुढे उभे राहिलेले पुष्कळसे लोक नावाने कॅथलिकच होते. जुन्या चालीरीती सोडवत नाहीत, हा त्यांचा अपराध. १७३६च्या फर्मानाने अंगणात तुळस ठेवणे आणि बिनमिठाचा भात शिजवणेही निषिद्ध ठरवले. जपानमध्ये प्रतिमेवर पाय ठेवला नाही तर माणूस ख्रिस्ती ठरे. गोव्यात तुळस उपटली नाही तर तो पुरेसा ख्रिस्ती ठरत नसे. दोन्हीकडे सत्ता घरात शिरून श्रद्धेचा पुरावा मागत होती, आणि दोन्हीकडे तो बहुधा साध्या माणसांनाच द्यावा लागत होता.

यामुळे गोव्यातील अत्याचार सौम्य ठरत नाहीत, आणि 'तांडव'चे मोलही उणे होत नाही. उणे पडले ते आमचे वाचन. आमच्या सोयीच्या 'आपण'मध्ये तुळस न उपटणारा तो बाटलेला शेतकरी कधीच नव्हता. आम्ही त्याला एका बाजूने परका मानले, न्यायासनाने दुसऱ्या बाजूने.

येत्या वर्षासाठी 'तांडव'ची टिपणे आम्ही नव्याने लिहिली आहेत. पहिल्या पानावर आमचे विवेचन नाही, त्या मुलीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 'होय' असे लिहिण्याचा मोह आम्ही आवरला. ते ठरवण्याचा अधिकार आमचा एकट्याचा नव्हे.