बार्बांचं देणं

भूमध्य समुद्रातल्या छोट्या बंदरांत बोट सहसा धक्क्याला आडवी लावत नाहीत. नाळेकडून नांगर टाकायचा, बोट मागे मागे घेत तिची पाठ धक्क्याला आणायची, दोर बांधायचे आणि मधल्या फटीवर एक फळी टाकायची. फळी जेमतेम फूटभर रुंद, खाली खोल पाणी. सहलीच्या माहितीपत्रकात किल्ले, मठ, निळ्याशार खाड्या सगळं होतं. ही फळी तेवढी नव्हती. माझ्या डाव्या पायाला पोलिओमुळे लहानपणापासून कॅलिपर आहे.

साल 2012, सप्टेंबर. ग्रीसच्या डोडेकनीज बेटांपैकी कोसहून निघायचं, कालिम्नोस आणि लेरोस करत पॅटमॉसपर्यंत जायचं आणि परत यायचं. दोन डोलकाठ्यांची लाकडी बोट, आम्ही मोजके प्रवासी. तुर्कस्तानचा किनारा बहुतेक वेळ डोळ्यांसमोर. सहलप्रमुख फार सज्जन. फळी बघून ते म्हणाले, “तुम्ही डेकवर आरामात बसा, आम्ही फोटो आणू.” अशा सौजन्याची मला सवय आहे. ते अंगावर घेत घेत मी पन्नाशी ओलांडली होती.

बोटीवर स्वयंपाकाला आणि दोरांना एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना बार्बा म्हणत, म्हणजे आपल्याकडचे काका. सत्तरीच्या आसपासचे, एक पाय ओढत चालणारे. इंग्रजी ऑस्ट्रेलियात राहून शिकलेले. ते माझ्यासमोर आले, कॅलिपर निरखून पाहिला आणि म्हणाले, “पायाकडे बघायचं नाही. काठी उजव्या हातात. बोट वर येते, खाली जाते, मग क्षणभर थांबते. तेव्हा पाऊल टाक.” एवढं बोलून पाठ फिरवून ते फळीवरून पुढे निघाले. हात पुढे केला नाही. मी मागितला तर म्हणाले, “हात धरलास तर दोघंही पाण्यात. माझा पाय तुझ्या पायाचाच भाऊ आहे.”

मी पलीकडे पोचले. मग प्रत्येक बंदरात पोचत गेले.

बार्बा कालिम्नोसचे, आणि कालिम्नोस हे समुद्री स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचं बेट. पूर्वी सपाट जड दगड हातात धरून, एका श्वासात तळाशी जायचे. 1860 च्या दशकात हवेच्या नळीचा पोशाख आला. माणूस जास्त खोल जाऊ लागला, जास्त वेळ राहू लागला आणि लुळा होऊ लागला. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. घाईनं वर आलं की त्याचे बुडबुडे होतात, मज्जारज्जूत अडकतात, पाय जातात. कारण समजायच्या आधी आणि समजल्यावरही किती तरी माणसं अशी गेली, कारण वर होडीत थांबलेल्यांना घाई असायची. बार्बा तरुणपणी तोंडात नळी धरून उतरायचे. एकदा भराभर वर आले. 1986 मध्ये स्पंजांवर रोग पडला आणि तो धंदाच बसला. हे सगळं त्यांनी कांदा चिरता चिरता सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

कालिम्नोसच्या पोथिया बंदरात संध्याकाळी नाच होता. तिथला ‘मिखानिकोस’ हा नाच लुळ्या पडलेल्या पाणबुड्याचाच. साखळीतला पहिला नाचणारा काठीवर भार देतो, त्याचे पाय थरथरतात, गुडघे दगा देतात, तो पडू पडू होतो. शेवटी पुन्हा सरळ होऊन जोरात नाचतो. माझ्या घशात आवंढा. बाजूला बार्बा बारकाईनं बघत होते. “मुलगा बरा आहे,” ते म्हणाले, “पण थरथर मांडीतून काढतो. ती पोटरीतून सुरू होते.” मी हसले. माझ्या पायावर कुणाबरोबर हसण्याची ती पहिली वेळ असावी.

कोसचं अस्क्लेपिऑन, म्हणजे आरोग्याच्या देवाचं प्राचीन स्थान, मात्र मी तीन मजली पायऱ्यांपैकी पहिल्याच मजल्यावर सोडलं. बरं व्हायला आलेल्या रोग्यांना एवढ्या पायऱ्या चढायला लावणारा देव मला पटला नाही. गावातल्या ज्या चिनाराखाली प्राचीन वैद्य हिप्पोक्रेटीस शिकवायचा म्हणतात, ते झाडही काही शतकांचंच.

वाऱ्याचं गणित असं, की तिथला उन्हाळी मेल्टेमी उत्तरेकडून येतो. जाताना बहुतेक इंजिन, येताना शिडं. लेरोसच्या लाक्की बंदरात, इटालियनांनी वसवलेल्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांच्या गावात, बार्बांनी माझा कॅलिपरचा बूट मागितला. ओल्या फळीवर तो घसरतो हे त्यांनी हेरलं होतं. टायरचा तुकडा तळव्याच्या आकारात कापला, चाकूनं आडव्या खाचा पाडल्या, चिकटवून चार खिळे ठोकले. “खाचा उभ्या नकोत, पाणी अडतं.” त्या बुटानं मी पॅटमॉसच्या मठात हिंडले. 1088 मध्ये बांधायला घेतलेला तो मठ बाहेरून किल्लाच दिसतो. चाच्यांची भीती होती. आतलं दगडी अंगण झिजून गुळगुळीत झालेलं. मी कुठेही घसरले नाही.

खाली स्काला बंदरात मी त्यांना कॉफीला नेलं, म्हटलं एवढं तरी करावं. पैसे त्यांनी आधीच देऊन टाकले होते. निघताना पाकीट पुढे केलं तर ते सगळ्यांच्या बक्षिसाच्या बरणीत टाकून मोकळे.

बुटाची ती टायरची पट्टी झिजली तेव्हा पुण्यात नेहमीच्या बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. “बाई, चांगल्या बुटाला टायर? शोभत नाही.” आडव्या खाचांवरून तर भांडणच झालं. शेवटी कुरकुरत लावली. परवा गेले तर कुबड्या घेतलेला एक कॉलेजचा मुलगा बाकावर बसला होता आणि काका त्याच्या बुटाला खाचा पाडत सांगत होते, “ही आमची खास पट्टी, पावसात बिनधास्त चाल.” मी गप्प राहिले. भाव मात्र माझ्यापेक्षा दहा रुपये जास्त सांगितला होता, तेवढे मी कमी करायला लावले.