घाटातला अपलोड

२४ जून
पहाटेपासून पाऊस. पाचगणीहून निघालो, पसरणीचा घाट उतरून वाई, मग महामार्गानं सातारा. रुग्णवाहिकेच्या टपावर अँटेना, आत राउटर, स्ट्रेचरशेजारी हातात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र. ५-जीचं चिन्ह बऱ्याच ठिकाणी दिसलं. स्पीड टेस्टचा आकडा बघून माझ्या वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आकडा डाउनलोडचा.

२५ जून
साताऱ्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना नेमकं काय हवंय ते नीट विचारून घेतलं. दुरून शस्त्रक्रिया वगैरे काही नको म्हणाले. "पोटात रक्त साठलंय का, एवढंच गाडी दारात यायच्या आत कळू दे. टेबल तयार ठेवतो, रक्त मागवून ठेवतो."
मग पडद्यावर दाखवलं. यकृत आणि उजवं मूत्रपिंड एकमेकांना टेकलेले. अपघातात आत रक्त उतरलं की त्या दोघांमध्ये काळी पट्टी उमटते. बारीक असली तर स्थिर फोटोत निसटू शकते, प्रोब हलवत पाहिलं की सापडते. म्हणून व्हिडिओ हवा, आणि तो तुटता कामा नये.
चार-पाच एमबीपीएस अपलोड पुरेल. जाहिरातींतल्या आकड्यांपुढे मागणं किती थोडं.

२८ जून
घाटातल्या नोंदी काढल्या. एका वळणावर डाउनलोड शंभरच्या वर, तिथेच अपलोड एकच्याही खाली. चित्र गोठतं.
टॉवरची ताकद शंभर वॅटच्या पुढे. मोबाइलची साधारण ०.२ वॅट. टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला येत नाही. शिवाय ५-जीच्या ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जाणं आणि येणं एकाच लहरीवर, पाळीपाळीनं. पाच पाळ्यांतल्या जवळजवळ चार खाली येणाऱ्या डेटाला.
पोरं पावसाला दोष देत होती. या लहरींचं सरींनी फारसं बिघडत नाही. ओल्या पानांनी बिघडतं. घाट झाडीनं भरलेला.

३० जून
हे जाळं बघणाऱ्यांसाठी बांधलंय. दाखवणाऱ्यांचा विचार मागाहून.

१ जुलै
पाळ्या बदलता येतील का, म्हणून मोबाइल कंपनीतल्या एका अभियंत्याला फोन केला. नाही म्हणाला. शेजारच्या पट्ट्यातल्या कंपन्यांनाही त्याच वेळापत्रकानं चालावं लागतं, नाहीतर एकीचा टॉवर बोलत असताना दुसरीच्या टॉवरला ग्राहकाचा क्षीण सिग्नल ऐकूच येणार नाही. त्याचं म्हणणं रास्त आहे. म्हणजे प्रश्न एका कंपनीचा नाही, नियम करणाऱ्यांचा आहे.

३ जुलै
वर्गात मिलिसेकंदावरून वाद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०१५ मध्ये ५-जीकडून तीन गोष्टी मागितल्या: प्रचंड वेग, १ मिलिसेकंदापर्यंत खाली आणलेला विलंब, आणि एका चौरस किलोमीटरमध्ये १० लाख उपकरणं. आपल्याकडे सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. पहिली गोष्ट लोकांच्या हातात आली. बाकी दोन्ही बहुतेकांनी ऐकल्यासुद्धा नाहीत.
एका मुलीनं चांगला हिशेब मांडला. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. म्हणजे मुंबईचा सर्व्हरही आपल्याला लांब नाही. वेळ खातात त्या रांगा आणि हरवलेली पाकिटं पुन्हा पाठवणं. शाबास म्हटलं.

६ जुलै
लोणंद. नीरास्नान उरकून माउलींची पालखी मुक्कामी. पाय ठेवायला जागा नाही. चिन्ह ५-जीचं, फोन मात्र लागत नाही. एक आजी, डोक्यावर तुळस, माझ्यापुढे फोन धरून, "लेकाला लाव गं, पोचले म्हणून सांगायचंय." पुन्हापुन्हा लावला. नाही लागला. त्या तशाच पुढे गेल्या.
अशा गर्दीत रुग्णवाहिकेचं चित्र कसं जाणार? स्लायसिंग याच कामासाठी आहे: त्याच जाळ्यात एक हिस्सा राखून ठेवायचा, रील पाहणाऱ्यांची गर्दी त्यात शिरणार नाही. पण त्याला ५-जीचा स्वतःचा गाभा लागतो. ४-जीच्या गाभ्यावर उभारलेल्या ५-जीत ते जमत नाही. वारकऱ्यांच्या वाटेवर हे सगळ्यात आधी व्हायला हवं.

९ जुलै
दिवसभर पेपर तपासले.

११ जुलै
राउटरमध्ये दोन कंपन्यांची सिमं. एकीचं ५-जी, दुसरीचं ९०० मेगाहर्ट्झवरचं ४-जी, कमी वेगाचं पण लांब पल्ल्याचं. व्हिडिओ दोन्हींवर वाटून पाठवला. रंग काढून टाकले, चित्राचा कामाचा भाग तेवढा ठेवला. घाटभर टिकलं. एक वळण सोडून.
ड्रायव्हरकाका म्हणाले, "मॅडम, तिथं साधा फोनपण लागत नाही. आम्ही त्याच्या वरच्या अंगालाच सगळं बोलून घेतो." मग तपासणी वळणाआधीच उरकायची, असं ठरलं.

१४ जुलै, रात्र
दुचाकी घसरलेला मुलगा. विशीचा. पोट ताठ, अंग गार. भावाची संमती घेतली. सिस्टरच्या हातात प्रोब, डॉक्टर स्पीकरवर: "थोडं वर. फासळ्यांच्या मधून. थांबा. पुन्हा मागे न्या." काळी पट्टी. मलासुद्धा दिसली.
"बघितलं. या लवकर."
मग ते वळण. पडदा गोठला. राउटरचा दिवा लाल.

१५ जुलै
गाडी पोचली तेव्हा टेबल तयार होतं. प्लीहा फाटली होती. मुलगा अतिदक्षता विभागात. भाऊ बाहेर बाकावर झोपलेला.

१८ जुलै
शुद्धीवर आहे. चहा मागितला म्हणे.

२० जुलै
काकांनी विचारलं, त्या वळणावर टॉवर कधी? काय सांगणार. चार घरांच्या वस्तीसाठी टॉवर परवडत नाही, हे ठरलेलं उत्तर. त्या वळणावरून रोज किती माणसं जातात ते कोण मोजतं?

२२ जुलै
६-जीची कागदपत्रं वाचली. भारताचा आराखडा मार्च २०२३ मध्येच जाहीर झालाय. त्यात स्वप्नं मोठी आहेत, असावीतच.
दूरसंचार नियामकाला पत्र लिहायला बसले. चार मसुदे फाडून शेवटी एवढंच ठेवलं: पुढच्या स्पेक्ट्रम लिलावाच्या अटींमध्ये अपलोडचा किमान वेग घाला, आणि तो घाटातल्या रुग्णवाहिकेत बसून मोजा.