समात्याच्या गल्लीत आमची झांज

आमच्या बेळगावच्या धर्मग्रामात एक लहानसा बँड आहे, आणि त्या बँडात झांजांची एक जुनी जोडी आहे. ती कोठून आली हे सांगणारे आता कोणी उरले नाही. कँपातील एका लष्करी बँडचे सामान विकले गेले तेव्हा ती मिळाली, एवढेच वृद्ध मंडळी सांगतात. काही वर्षांपूर्वी तींतील एका झांजेस कडेशी दोन बोटे लांबीची भेग पडली. फेस्त तोंडावर आले होते. तेव्हा आम्हीच ती झांज वेल्डिंगवाल्याकडे धाडली, आणि आदल्या संध्याकाळी मुलांकडून चिंच व राख लावून अशी घासून घेतली की सोन्याने हेवा करावा! मिरवणूक चौकात पोहोचण्यापूर्वीच ती जोडाशेजारी पुन्हा तडकली. दोन्ही झांजा मोडीत घालून नव्या आणाव्यात, असा ठराव झाला. चाळीस वर्षे त्या वाजविणारे आमचे वृद्ध वादक सभेत काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या रविवारपासून ते तालमीस येईनासे झाले.

हे शल्य मनात असतानाच आम्हांस रोमला जाण्याचा योग आला. परतीची वाट इस्तंबूलवरून होती. वीस किलो सामानात आम्ही त्या दोन झांजा बांधून घेतल्या.

इस्तंबूलच्या जुन्या तटाच्या आत, मार्मारा समुद्राच्या काठी, समात्या नावाची वस्ती आहे. तिचे ग्रीक नाव प्सामाथिया. त्याच्या मुळाशी वाळू हा अर्थ आहे. लाकडी सज्जांची घरे, मासळीची खानावळे, आणि उंच भिंतीआड आर्मेनियन लोकांचे सुर्प केवोर्क मंदिर, असा तिचा थाट. आर्मेनियन उपासनेत झांज वाजते; तेव्हा ती घडविणारे याच वस्तीत नांदले, हे आम्हांस शोभूनच दिसले. येथील अवेदिस नावाच्या धातुकाराने १६१८ च्या सुमारास तांबे व कथील यांचा असा मेळ साधला की पातळ पत्राही न फुटता दीर्घकाळ निनादत राहावा. सुलतानाने त्यास ‘झिल्जियन’ हे उपनाम दिले. अर्थ, झांज घडविणाऱ्याच्या कुळातला. १६२३ मध्ये त्याने येथे स्वतःची भट्टी घातली. सुलतानाच्या सैनिकी वाद्यवृंदात त्याच्या झांजा वाजल्या, आणि अठराव्या शतकात त्यांचा नाद युरोपच्या नाटकगृहांत शिरला. मोझार्टने १७८२ च्या आपल्या तुर्की कथानकाच्या संगीतिकेत त्यांस मानाचे स्थान दिले.

पुढे घराण्याची एक शाखा अमेरिकेत गेली व १९२९ मध्ये तिने तेथे कारखाना काढला. इस्तंबूलची शाखा ‘के. झिल्जियन’ या नावाने चालत राहिली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस थंडावली. आम्ही गल्लीगल्लीतून हिंडलो. भट्टीचा धूर कोठेच दिसला नाही. परंतु विद्या मेली नव्हती. त्या कारखान्यात बालपणापासून शिकलेल्या आगोप तोमुर्जुक व मेहमेत तामदेअर या दोघांनी १९८० मध्ये नवा कारखाना उभारला होता; १९९६ मध्ये आगोप वारल्यावर त्याचे दोन झाले. शिवाय लहान कारागीरही शहराच्या कडेस हातोडा चालवीत आहेत. अशाच एकाच्या दारी आम्ही उभे राहिलो. तेथे कारागिरास ‘उस्ता’ म्हणतात. आपल्या ‘उस्तादा’चेच ते भावंड.

आम्हांस वाटले होते की उस्ता प्रथम छाप पाहतील. त्यांनी चामड्याच्या वादीने झांज उचलली, कडेवर बोटाने हलकेच टिचकी मारली आणि डोळे मिटून घेतले. मग तिला उलटी करून खालच्या बाजूवरून तळहात फिरविला. हाताने ठोकलेल्या झांजेवर हातोड्याचे घाव लहानमोठे व वाकडेतिकडे असतात; त्यांमुळेच तिचा आवाज एकसुरी राहत नाही. नंतर तिचे वजन झाले, आणि सर्वांत शेवटी दिव्याच्या तिरप्या उजेडात छाप पाहिली गेली. वर अरबी वळणाची तुर्की अक्षरे, खाली रोमन लिपीत ‘कॉन्स्टँटि...’ एवढेच! पुढचे शहर आमच्या चिंचेने व राखेने खाऊन टाकले होते.

शहराचे नाव टपालात १९३० मध्ये इस्तंबूल झाले. पण छाप काही त्याच दिवशी बदलली नाही. म्हणून केवळ छापेवरून वर्ष ठरवू नये. घाव, वजन, लेथवरच्या रेषा व नाद ही सारी साक्ष एकत्र घ्यावी, असे उस्ता म्हणाले. दुसरी झांज त्यांनी एकदाच वाजविली व हसून बाजूस ठेवली. ती पितळी पत्र्याची होती. चाळीस वर्षे ज्यांस आम्ही जुळी समजत होतो, ती भावंडेच नव्हती.

मग वेल्डिंगचा जोड पाहून त्यांचा चेहरा उतरला. या काशात शंभरात ऐंशी भाग तांबे व वीस भाग कथील असते. ते तापवून एकदम पाण्यात बुडविले तरच चिवट राहते. तापून हळूहळू निवले तर काचेसारखे ठिसूळ होते. आम्ही दुरुस्ती म्हणून जे केले, तेच तिचे दुखणे झाले होते. भेग ताजी असती तर तिच्या टोकापलीकडे बारीक भोक पाडून ती थोपविता आली असती. आता ठिसूळ झालेला सारा भाग चंद्रकोरीच्या आकारात कापून काढावा लागला. कापलेली कड कानशीने गुळगुळीत केली, कारण लहानसा दातराही नव्या भेगेचे बीज असतो. मधले भोक वादीने झिजून लांबट झाले होते. त्यात मऊ नळी बसविली. आम्ही पॉलिश विचारले, तेव्हा उस्तांनी मान हलविली. कोमट पाणी, सौम्य साबण व कोरडे फडके, याहून अधिक काही नको. तो काळसर रंग मळ नव्हे, वय आहे.

परत आल्यावर आम्ही प्रथम वादकांच्या घरी गेलो. झांज त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ठरावाबद्दल क्षमा मागितली. त्यांनी कापलेल्या कोरीवरून बोट फिरविले, टिचकी मारली आणि उस्तांप्रमाणेच डोळे मिटले. “फादर, आवाज थोडा उतरला आहे,” ते म्हणाले, “पण तिचाच आहे.”

या फेस्ताला ते मिरवणुकीत होते. हातात तीच विजोड जोडी होती: एक कांशाची, कोर कापलेली, दुसरी पितळेची. चौक ओलांडून मिरवणूक मंदिराशी पोहोचली, तरी झांज तडकली नाही. वाचकहो, आपल्या बँडाच्या पेटीत एखादी जुनी झांज असेल, तर तिला घासण्यापूर्वी एकदा तिरप्या उजेडात धरा, आणि ती वाजविणाऱ्यास विचारल्याशिवाय तिच्याविषयी ठराव करू नका.