हिरव्या रंगाची भूल

दिवसा जो दगड हिरवा, तोच अतिनील दिव्याखाली हिरवा उजळणार, असं मी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. माझ्या सगळ्या चुका तिथूनच सुरू झाल्या.

दगड होता ॲडामाइट, म्हणजे जस्ताचं आर्सेनेट. शार्ल फ्रीडेलने १८६६ मध्ये चिलीतल्या नमुन्यावरून त्याची ओळख करून दिली, पण संग्राहकांचा जीव अडकतो तो मेक्सिकोच्या दुरांगो राज्यातल्या ओहुएला खाणीतल्या तुकड्यांत. तिकडच्या एका संग्राहकाने मला दोन नमुने दाखवले. एक मधासारखा फिका पिवळा, दुसरा गर्द हिरवा. जळगावकडचा माझा चांगला पारदर्शक अपोफिलाइट देऊन मी हिरवा घेतला. पिवळ्याकडे धड पाहिलंही नाही.

घरी दिवे मालवले, टॉर्च लावला. काही नाही. टॉर्च स्वस्तातला, ३९५ नॅनोमीटरचा. त्याचा स्वतःचा जांभळा उजेडच इतका की बारीकसारीक चमक त्यात बुडून जावी. म्हणून काळ्या गाळणीचा ३६५चा टॉर्च मागवला. त्याखाली दगडावर निळे ठिपके झळाळले आणि मी हरखलो. ते निघाले पुसायच्या फडक्याचे धागे! कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, ते अतिनील किरणांत निळंच चमकतं. स्फटिक मात्र ढिम्म.

मग मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. त्या गृहस्थांना सरळ लिहिलं, ‘तुमचा माल खोटा आहे.’

त्यांचं उत्तर शांत होतं. ॲडामाइटची हिरवी चमक येते ती त्यातल्या युरेनियमच्या अंशामुळे. तो युरॅनिलच्या रूपात असतो. दिवसाचा गर्द हिरवा रंग मात्र तांब्याचा. जस्ताच्या जागी तांबं शिरलं की शोषलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडण्याऐवजी उष्णतेत जिरते. म्हणजे ज्या रंगावर मी भाळलो, तोच चमक मारून टाकत होता. हे कुठल्याही बऱ्या खनिजकोशात सापडलं असतं. मी उघडला नव्हता, एवढंच.

मी माफी मागितली. त्यांनी नखाएवढी पिवळी कपची पाठवली, पैसे न घेता. ती अंधारात अशी पेटते की शेजारचा हिरवा नमुना दिसतच नाही.

चमकीसाठी ॲडामाइट घेणार असाल तर फिका पिवळा घ्या, आणि पैसे देण्याआधी ३६५ नॅनोमीटरखालचा फोटो मागून घ्या.