शॉकअप: आपण की गॅरेज?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. जे उघडता येतं ते स्वतः उघडून बघायचं! वरणगावला आण्णांच्या जुन्या गाडीचे चारही शॉकअप गेले, तेव्हा मीही पाना काढला.

बॉनेट दाबून सोडलं की गाडी तीन-चारदा हेलकावे खायची. मागच्या शॉकअपवर तेल ओघळलेलं. आतला पिस्टन बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि स्प्रिंगची उसळी जिरवतो. तेल गेलं की खड्ड्यावर चाक उडतं, पकड सुटते, गाडी उशिरा थांबते. आणि आण्णा आईला घेऊन भुसावळला जातात ते हायवेनं, ट्रकांच्या मधून...

मागचं काम सोपं. या गाडीत स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा, ॲक्सलला आधार द्या. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडा. आणि बदलायचे ते जोडीनंच. दुपार गेली, मजुरी वाचली.

पुढे मात्र शॉकअप स्प्रिंगच्या पोटात असतो. कंप्रेसरनं स्प्रिंग आवळल्याशिवाय वरचा नट सोडला तर ती उसळून जीवही घेऊ शकते. मी म्हटलं, कंप्रेसर भाड्यानं आणू. आण्णा म्हणाले, "दाबून ठेवलेल्या वस्तूशी खेळायचं नाही रे भाऊ." ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसं बनवण्यात उभी नोकरी गेलेला माणूस. काय बोलणार!

पुढची जोडी गॅरेजात बसवली, अलाइनमेंटही तिथेच. तिथे मजुरी देतो ती घामाची नाही, योग्य हत्याराची आणि सरावलेल्या हाताची. ती वाचवू नये. असो.