चंद्री

आमच्या परड्यातल्या गोठ्याचं दार अरुंद होतं आणि चंद्रीची शिंगं दारापेक्षा रुंद. पंढरपुरी म्हैस ती. कोळशासारखी काळी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, आणि शिंगं मागं वळून पार खांद्यापर्यंत गेलेली. बाहेर पडताना ती मान डावीकडे कलती करून आधी एक शिंग काढायची, क्षणभर थांबायची, मग मान उजवीकडे फिरवून दुसरं. पुढचं धूड आपोआप यायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडचे पाहुणे मात्र त्याच चौकटीवर कपाळ आपटून घ्यायचे. आज्जी म्हणायची, "जनावराला कळतंय, मानसाला कळंना."

चंद्री १९९४ च्या दिवाळीनंतर आमच्याच गोठ्यात जन्मली. म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण राहते, त्यातले शेवटचे आठ दिवस आज्जी गोठ्यातच पोतं अंथरून झोपली होती. रेडी झाली म्हणून गल्लीत साखर वाटली. रेडा झाला असता तर वाटली नसती, हेही सांगून टाकते. पहिल्या चिकाचा खरवस घराघरांत गेला आणि रेडीला तिचा वाटा राहिला की नाही, यावरून आज्जीनं आईशी दोन दिवस अबोला धरला.

आमचं घर कोल्हापुरात गंगावेशीच्या अंगाला. बाहेरगावच्या लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण तिथं दूध प्यायला जायचं म्हणजे म्हशीजवळच जायचं. सकाळ-संध्याकाळ म्हशी चौकात कट्ट्यापाशी उभ्या असतात. गिऱ्हाईक समोर उभं, गवळी खाली बसून धार थेट पेल्यात सोडतो आणि कोमट, फेसाळ दूध तिथल्या तिथं घशाखाली जातं. धारोष्ण. आसपास तालमी, त्यामुळे पैलवान मंडळी पहिल्यापासूनची. आज्जीनंही काही वर्षं तिथं म्हैस उभी केली. मी शाळेआधी तिच्या मागून पितळी पेले घेऊन जायची. धार वरून सोडली की फेस जास्त येतो आणि पेला लवकर भरतो, हा हिशेब मला चौथीतच कळला होता. गिऱ्हाइकांनाही कळलेला असायचा. "आज्जी, दूध घाला की, फेस काय घालताय," असं कुणीतरी रोज म्हणायचंच. त्यावर आज्जीचं उत्तरही रोजचंच, "फेस फुकट हाय, दुधाचं पैसं दे."

एक म्हातारे पैलवान यायचे. कान कुस्तीत चेचलेले, चाल अजून रुबाबदार. दूध त्यांना डॉक्टरांनी बंद केलं होतं, तरी यायचे. खिशातून गुळाचा खडा काढून चंद्रीपुढे धरायचे, ती खरबरीत जिभेनं तळहात पुसून घ्यायची, आणि ते खूश होऊन परत जायचे. त्यांना यायला उशीर झाला तर चंद्री वळणाकडे तोंड करून उभी राहायची. गुळासाठीच असेल. पण त्या चौकात रोज आपली वाट पाहणारं कुणीतरी आहे, एवढ्यावर ते गृहस्थ चालत यायचे, हे मी पाहिलेलं आहे.

आता दिवाळी पाडव्याची फजिती. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत घुंगरं. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल भरधाव सोडतो आणि त्याची म्हैस, दुसऱ्या कुणाची नाही, त्याचीच, त्या आवाजामागं उधळत धावते. बघायला सगळं शहर लोटतं. माझ्या धाकट्या काकानं एका वर्षी ठरवलं, चंद्रीला पळवायची. महिनाभर रोज पहाटे तो गाडी फुरफुरवत पुढं जायचा आणि चंद्री गोठ्यासमोर रवंथ करत त्याच्याकडे पाहत राहायची. पाडव्याच्या दिवशी तिला न्हाऊमाखू घालून, शिंगांना हिंगूळ लावून नेली. काकानं गाडी सोडली. चंद्री चार पावलं चालली, रस्त्याच्या कडेला एका बाईच्या पाटीत मेथीच्या जुड्या होत्या तिथं थांबली आणि एकामागून एक जुडी खाऊ लागली. काका पुढच्या चौकात जाऊन मागं वळून बघतोय, मागं कुणीच नाही. लोक पोट धरून हसले. मेथीचे पैसे आज्जीनं दिले, वर बाईला दूधही पाजलं. नंतर नुसतं "चल गं" म्हणून चालू लागली, तशी म्हैस तिच्या मागून घरापर्यंत आली. काका पुढची दोन वर्षं गोठ्यात फिरकला नाही.

आज्जी गोठ्यात शिरताना एकच वाक्य बोलायची, "मी आलो गं, चंद्रे, आलो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, आलो, गेलो, जेवलो. ते वाक्य ऐकलं की चंद्रीचे कान हलायचे आणि आज्जी पाटावर टेकेपर्यंत सड भरून यायचे. यात एक गंमत आहे, ती मला फार नंतर एका पशुवैद्यानं समजावली. गाईच्या कासेत खालच्या भागात थोडंफार दूध उतरून साठलेलं असतं, धार काढणारा परका असला तरी तेवढं हाती लागतं. म्हशीचं जवळजवळ सगळंच दूध वर अडकलेलं असतं. तिनं पान्हा सोडला तरच ते खाली येतं. सोडला नाही तर तुम्ही तासभर बसा, हातात थेंब नाही. मारून, दटावून उपयोग शून्य. भ्याली की आणखीच आखडते.

२००६ च्या पावसाळ्यात आज्जी दवाखान्यात पडली. त्या संध्याकाळी वडील धार काढायला बसले. ते बँकेतले कारकून, पण गोठ्यात वाढलेले, हात सराईत. चंद्रीनं त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं आणि मग मागचा पाय उचलून चरवी बाजूला सारली. लाथ नव्हे, सारली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. कास दगडासारखी होऊ लागली. आणखी एक वेळ गेली तर दगडी होणार, म्हणजे सडाला सूज, ताप आणि कदाचित सडच निकामी. शेजारच्या गवळणीनं उपाय सांगितला, खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक असलेला. वडील आज्जीचं हिरवं लुगडं नेसले. वापरातलं, न धुतलेलं, तंबाखूचा आणि पेंडीचा वास असलेलं. पदर डोक्यावरून घेतला, गोठ्यात शिरले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "मी आलो गं, चंद्रे." चंद्रीनं पदर हुंगला, दीर्घ श्वास सोडला आणि पान्हा घातला. आम्ही दाराआड तोंडात बोळे कोंबून हसत होतो. आईही.

एकदा तर त्याच वेषात त्यांनी पुढचं दार उघडलं. समोर त्यांच्या बँकेचे साहेब, आज्जीच्या तब्येतीची चौकशी करायला आलेले. वडिलांनी "या, बसा" म्हटलं, पदर सावरला आणि "चहा टाकायला सांगतो" म्हणत आत गेले. दवाखान्यात ही हकिगत ऐकून आज्जी इतकी हसली, की नर्सनं आम्हाला बाहेर काढलं.

आज्जी घरी आली नाही. आमच्या गावात पंचगंगेच्या स्मशानात दहन शेणींवर होतं. घरच्यांकडून पैसे घेत नाहीत. होळीच्या सुमाराला लोक शेणी दान करतात, त्यावर बरंचसं भागतं. आज्जी दर वर्षी चंद्रीच्या शेणाच्या पाचशे शेणी मोजून हातगाडीवर घालून पाठवायची. मोजताना चुकलं तर पहिल्यापासून. त्या दिवशी काकानं तिथल्या रचलेल्या ढिगाकडे पाहून "यातल्या आपल्या कुठल्या असतील?" एवढंच विचारलं. त्या पाडव्यानंतर घरच्यांसमोर पहिल्यांदाच त्यानं चंद्रीचा विषय काढला होता.

ते वेत संपेपर्यंत चंद्री आमच्याकडे राहिली. पुढे आटली, मुका माज असल्यामुळे फळली नाही, आणि वडिलांनी तिला विकायला ठाम नकार देऊन मामाच्या मळ्यात पोचवली. तिथं ओढ्याच्या डबऱ्यात दिवसभर नाकापर्यंत बुडून बसायची. २०११ च्या थंडीत गेली.

तिच्या त्या शेवटच्या वेतातली एक संध्याकाळ. तेराव्यानंतर आईनं घर आवरायला काढलं होतं. आज्जीचं लुगडं सोडा घालून, उकळत्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत टाकलेलं. बँकेत त्या दिवशी काम तुंबलेलं, वडिलांना यायला आठ वाजले. चंद्री गोठ्यात हंबरत होती. वडील पँट-शर्टातच, खिशाला पेन तसंच, आत धावले आणि पाटावर बसले. काही बोललेही नाहीत. मी कंदील धरून उभी होते. चंद्रीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चरवी उडते. पण पहिली धार तळाला लागून वाजली, मग दुसरी, मग तो एकसुरी आवाज सुरू झाला आणि चरवी काठोकाठ भरली.

आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा माजघरात दिवा होता. वडील आरशासमोर उभं राहून लुगड्याच्या निऱ्या घालत होते. लुगड्याला साबणाचा वास येत होता.